मोटारीचें इंजिन अडखळतें तेव्हां

गेल्या खेपेस या सदरांत आपण शिवणयंत्राच्या निगेचा विचार केला. त्यावर एका गिरगांवकर वाचकभगिनींनीं विचारिलें आहे कीं, "आमच्या घरची मोटार मधूनमधून आचके देते. गॅरेजवाले म्हणतात, 'मिसिंग आहे', आणि दर वेळीं कांहीं तरी नवें बसवून पैसे घेतात. हें मिसिंग म्हणजे नक्की काय, आणि घरच्या माणसास त्यांत कांहीं कळण्यासारखें आहे काय?" प्रश्न मार्मिक आहे. त्याचें उत्तर आमच्या घरानें एकदां बरीच किंमत देऊन मिळविलें. म्हणून तें केवळ पुस्तकी भाषेंत न देतां त्या प्रसंगाच्याच आधारानें देतों.

आमच्या घरीं 'पद्मिनी' मोटार आहे. आमचें बिऱ्हाड गिरगांवांतील चाळींत असतांना तीर्थरूपांनीं ती घेतली. पुढें आम्ही दादरला शिवाजी पार्काजवळ राहावयास आलों, तेव्हां तीहि आमच्याबरोबर आली. हिचें जन्मस्थान दूरचें नव्हे, येथलेंच कुर्ला. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. पुढें इटलीच्या फियाट कंपनीशीं सहकार्य होऊन कुर्ल्यास ज्या गाड्या तयार होऊं लागल्या, त्यांतील 'फियाट ११००' हीच १९७० नंतरच्या दशकांत 'पद्मिनी' या नांवानें घरोघर माहीत झाली. तिचें उत्पादन २००० सालच्या सुमारास थांबलें, आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या वेषांतील पद्मिनीहि मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. घरगुती गाड्या मात्र अद्याप कोठें कोठें जीव धरून आहेत. शिकावयास ही गाडी फार सोयीची. कारण तिच्यांत संगणक नाहीं, पडदा नाहीं. जें घडतें तें डोळ्यांना दिसतें, कानांना ऐकूं येतें आणि नाकास कळतें.

प्रथम 'मिसिंग' म्हणजे काय तें पाहूं. पद्मिनीचें इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचें असून त्यास चार सिलिंडर आहेत. प्रत्येक सिलिंडर चार कामें क्रमानें करतो: पेट्रोलचा वाफारा मिसळलेली हवा आंत ओढणें, ती दाबणें, ठिणगीनें पेटवून त्या जोरानें दट्ट्या खालीं ढकलणें, आणि जळलेला धूर बाहेर टाकणें. चौघांची पाळी ठरलेली असते. पुढून मोजल्यास पहिला, तिसरा, चौथा, दुसरा या क्रमानें ते पेट घेतात. एकत्र कुटुंबांतील चार भावांनीं घरखर्चाचा भार वांटून घ्यावा तसें हें आहे. एकानें आपली पाळी चुकविली तर घर लगेच बसत नाहीं, परंतु उरलेल्या तिघांवर ओझें पडतें आणि साऱ्या घराला हिसका जाणवतो. सिलिंडरानें पाळी चुकविणें, याचेंच नांव मिसिंग.

ही पाळी किती वेगानें येते याची कल्पना असावी. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असतां चार सिलिंडरांत मिळून मिनिटाला सहा हजार, म्हणजे सेकंदाला शंभर ठिणग्या पडाव्या लागतात. त्यांतली प्रत्येक चौथी चुकली तर सेकंदाला पंचवीस चुका होतील. इतकें झाल्यावर गाडीनें आचके दिले तर त्यांत नवल तें काय?

सिलिंडरानें पाळी पाळावी म्हणून तीनच गोष्टी लागतात: हवा व पेट्रोल यांचें योग्य मिश्रण, पुरेसा दाब, आणि नेमक्या क्षणीं जोरदार ठिणगी. मिसिंगचें कोणतेंहि कारण या तिहींपैकीं एका खोलींत सांपडतेंच. तेव्हां शोध करणें म्हणजे कोणत्या खोलींत शिरावयाचें तें ठरविणें होय. हें ठरविण्याआधींच जो पान्हा हातीं घेतो, तो घरभर सामान विसकटतो आणि हरवलेली किल्ली त्याच्याच खिशांत निघते. आमचें तसेंच झालें.

चार पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. आमच्या काकांचीं मूत्रपिंडें निकामी झालीं होतीं. आठवड्यांतून दोनदां त्यांस परळच्या एका रुग्णालयांत रक्तशुद्धीसाठीं न्यावें लागे. वय अठ्ठ्याहत्तर, उपचार आटोपून येतांना अंगांत त्राण नसे. भाड्याच्या गाडीची वाट पाहत पावसांत उभें राहणें त्यांस झेपण्यासारखें नव्हतें. वहिनी गाडी उत्तम चालवितात. ही ने-आण त्यांनीं आपण होऊन अंगावर घेतली. पद्मिनीची मागची बैठक रुंद आणि मऊ, काकांना तींत आडवें होतां येई. त्यामुळें ती जुनी गाडी आम्हांस त्या दिवसांत रुग्णवाहिकेच्या ठिकाणीं होती.

आषाढ लागला आणि गाडी अडखळूं लागली. वहिनींनीं पहिल्याच दिवशीं सांगितलें, "सकाळीं टिळक पुलाच्या चढणीवर आचके आले. पाऊस होता." आम्हां पुरुषमंडळींनीं त्या वाक्यांतला 'आचके' हा एकच शब्द ऐकिला आणि गाडी एका गॅरेजांत धाडली. तिसऱ्या प्रहरीं कडकडीत ऊन पडलें होतें. तेथल्या माणसानें सपाट गल्लींत एक फेरी मारली, गाडी छान चालली. तरीहि त्यानें चार नवे प्लग बसविले. चार दिवसांनीं पुन्हा तेंच. मग कॉइल बदलली. पुन्हा तेंच. मग कार्बुरेटर उकलून साफ झाला, त्यांतले जेट बदलले, टांकी रिकामी करून धुतली. तीन आठवड्यांत सात हजारांहून अधिक रुपये गेले आणि आचके होते तेथेंच राहिले.

त्याच सुमारास एका संध्याकाळीं परळहून परत येतांना हिंदमाताजवळ पाणी भरलें होतें. पाणी घोट्याइतकेंच, परंतु पुढल्या मोटारींचे तुषार उडत होते. गाडी तीन-चार हिसके देऊन मध्येंच बंद पडली. मागच्या बैठकीवर काका, पुढें वहिनी, भोवतीं भोंग्यांचा कल्लोळ. कांहीं तरुण मुलांनीं गाडी ढकलून कडेला लावली आणि तासाभरानें दुसरें वाहन मिळालें. घरीं पोहोंचले तेव्हां काकांना थंडी भरली होती. ते एवढेंच म्हणाले, "माझ्यासाठीं हिला इतकें राबवूं नका." त्यांनीं 'हिला' म्हटलें तें गाडीला कीं वहिनींना, हें कोणीं विचारलें नाहीं. रात्रीं जेवणें झाल्यावर बैठक बसली आणि गाडी मोडींत द्यावी असें बहुमतानें ठरलें. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत.

गाडी मोडींत जाण्यापूर्वीं लालबागच्या एका मिस्त्रींना दाखवावी, असें थोरल्या बंधूंनीं सुचविलें. हे गृहस्थ मूळचे गिरणींतले फिटर. १९८२ च्या संपानंतर गिरणीची वाट बंद झाली, तेव्हां त्यांनीं मोटारीचें काम धरलें. वय झालें होतें आणि दुकान मुलाच्या हातीं होतें. ते आले, बॉनेटला हातहि न लावतां त्यांनीं विचारलें, "गाडी चालवतं कोण?" वहिनी पुढें झाल्या. मग त्यांनीं त्यांस चार प्रश्न केले: "ताई, आचके कधीं येतात, सकाळीं कीं संध्याकाळीं? पावसांत कीं उन्हांत? सपाटीवर कीं चढणीवर? गाडी थंड असतांना कीं तापल्यावर?"

वहिनींनीं आंतून हिशेबाची वही आणिली. पेट्रोल कितीचें घातलें, काकांचे पैसे किती झाले, हें त्या तारीखवार लिहीत. त्याच वहीच्या समासांत त्यांनीं आचक्यांचीहि नोंद ठेविली होती. एकंदर नऊ नोंदी. नऊच्या नऊ पावसाच्या किंवा पावसानंतरच्या ओल्या सकाळच्या. त्यांतल्या सात पुलाच्या चढणीवरच्या. तापलेल्या गाडीला उन्हांत एकदांहि नाहीं. मिस्त्रींनीं वही मिटून परत दिली आणि म्हणाले, "निदान तर यांनींच केलंय. आतां जागा तेवढी शोधायची." आम्ही तिघे पदवीधर तेथें उभे होतों; आमच्या मुद्रेचें वर्णन न करणेंच बरें.

या नोंदींचा अर्थ काय, तो समजावून घेण्यासारखा आहे. मोटारीची बॅटरी बारा व्होल्टची. एवढ्याशा दाबानें प्लगच्या फटींतून ठिणगी उडत नाहीं. म्हणून तारेचीं दोन वेटोळीं एकमेकांवर गुंडाळलेली कॉइल असते. एका वेटोळ्यांतला प्रवाह एकाएकीं तोडला कीं दुसऱ्यांत क्षणमात्र प्रचंड विद्युद्दाब उत्पन्न होतो; हा विद्युत्प्रवर्तनाचा नियम मायकेल फॅरडे यांनीं १८३१ सालीं दाखवून दिला, आणि मोटारीच्या कामीं तो बॅटरीच्या जोडीनें अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग यांनीं १९१० च्या सुमारास चांगला रुळविला. प्रवाह तोडण्याचें काम डिस्ट्रिब्युटरांतले 'पॉइंट' करतात. तेथून पंधरा-वीस हजार व्होल्टपर्यंतचा दाब फिरत्या रोटरावरून, झांकणांतल्या चार खुंट्यांपैकीं एकीवर आणि तेथून जाड रबरी वेष्टनाच्या तारेनें प्लगपर्यंत जातो.

वीज नेहमीं सोपी वाट शोधते. चढणीवर आपण पाय दाबतों तेव्हां सिलिंडरांत मिश्रण अधिक भरतें व अधिक दाबलें जातें. आणि दाबलेल्या वायूंतून ठिणगी उडविण्यास अधिक व्होल्ट लागतात. म्हणजे चढणीवर प्लगची वाट कठीण होते. त्याच वेळीं एखाद्या तारेचें वेष्टन झिजलें असेल आणि त्यावर पावसाचा ओलावा बसला असेल, तर इंजिनाच्या लोखंडांत उतरण्याची चोरवाट सोपी होते. ठिणगी प्लग सोडून तिकडे पळते. उन्हांत, सपाटीवर चोरवाटही बंद आणि प्लगची वाटही सुलभ. म्हणून गॅरेजांत गाडी निर्दोष दिसते. दोष पेट्रोलच्या वाटेवर असता तर पावसाशीं त्याचा इतका घट्ट संबंध नसता, आणि दाबाचा असता तर तो ऊन-पाऊस पाहून आला नसता. तीन खोल्यांपैकीं दोन वहीनेंच बंद केल्या होत्या.

मिस्त्रींनीं आम्हांस रात्रीं आठपर्यंत थांबविलें. "उजेडांत चोर दिसत नाहीं," असें त्यांचें म्हणणें. अंगणांतला दिवा मालविला, इंजिन सुरूं केलें, बॉनेट उघडलें आणि वहिनींकडून कपड्यांवर इस्त्री करतांना पाणी शिंपडण्याचा फवारा मागून घेतला. दुरूनच, कशासहि हात न लावतां, त्यांनीं तारांवर धुक्यासारखे तुषार सोडले. क्षणभर कांहीं नाहीं. मग तिसऱ्या तारेच्या मध्यावर, जेथें ती पत्र्याच्या एका चिमट्याला घांसून जात होती, तेथें निळसर ठिणगी दिसूं लागली. टिक्, टिक्, टिक्. आणि प्रत्येक टिक् बरोबर इंजिन एक पाऊल चुकूं लागलें. आम्ही सारे, काकांसुद्धां, खिडकीशीं खुर्ची ओढून तें पाहत होतों.

इंजिन बंद करून तार काढली. वेष्टनावर नखाएवढी झीज होती, आणि तिच्या मध्यभागीं सुईनें टोंचल्यासारखें एक काळें छिद्र. नवे प्लग, नवी कॉइल, नवे जेट या सर्वांच्या मध्यें ती जुनी तार कोणींहि न पाहिलेली तशीच राहिली होती. दुसऱ्या दिवशीं ऑपेरा हाऊसकडील सुट्या भागांच्या बाजारांतून तारांचा संच आणिला; त्यास कांहीं शें रुपये पडले. मिस्त्रींनीं डिस्ट्रिब्युटरचें झांकण आंतून पाहिलें, तेथें पेन्सिलीच्या रेघेसारखी जळकी वाट पडलेली नाहीं याची खात्री केली, तें कोरड्या फडक्यानें पुसलें आणि तारा अशा बांधल्या कीं त्या कोठेंहि पत्र्याला लागणार नाहींत.

पुढल्या फेरीला धो धो पाऊस होता. परतल्यावर वहिनींनीं वहींत लिहिलेलें मी पाहिलें: "पाऊस. पूल. कांहीं नाहीं." काकांना त्या दिवशीं चढणीवरच झोंप लागली होती. त्यानंतर ते दीड वर्ष होते, आणि एवढ्या काळांत गाडीमुळें त्यांची एकहि पाळी चुकली नाहीं.

आतां वाचकभगिनींच्या प्रश्नाकडे वळूं. घरच्या माणसानें काय करावें?

पहिली गोष्ट, गाडी जो चालवितो त्यानें आठ-दहा दिवस नोंद ठेवावी: वेळ, हवा, चढण कीं सपाटी, इंजिन थंड कीं गरम, पेट्रोल कधीं भरलें. गॅरेजांत हीच नोंद प्रथम वाचून दाखवावी. दोष ज्या परिस्थितींत प्रकट होतो त्याच परिस्थितींत गाडी पाहावी असा आग्रह धरावा.

दुसरी गोष्ट, कान वापरावा. सायलेन्सरच्या तोंडाशीं कागदाचा एक कपटा सैल धरावा. निरोगी इंजिन त्यास एकसारखें बाहेर उडवितें. कपटा मधूनमधून ठराविक तालांत लटपटला तर एखादा विशिष्ट सिलिंडर पाळी चुकवीत आहे. तो उलट आंत ओढला जात असेल तर धूर बाहेर टाकणारी झडप नीट बसत नसल्याचा संशय घ्यावा. ताल नसून कसेंही अडखळत असेल तर दोष साऱ्यांना सामाईक अशा जागीं, म्हणजे पॉइंट, कंडेन्सर, कॉइल किंवा पेट्रोल यांत शोधावा.

तिसरी गोष्ट, दोषी सिलिंडर ओळखणें. जुन्या पद्धतीच्या गाडींत इंजिन चालूं असतां एकेका प्लगची तार अलग करून पाहतात. चांगल्या सिलिंडरची तार काढली कीं इंजिन आणखी मंदावतें; दोषी सिलिंडरची काढली तर कांहींच फरक पडत नाहीं. परंतु हें काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करवावें. त्या तारेंतला धक्का जबर असतो, आणि हृदयाजवळ पेसमेकर बसविलेल्या माणसानें तर चालूं इंजिनाच्या जवळहि उभें राहूं नये.

चौथी गोष्ट, आणि हीच सर्वांत मोलाची: एका वेळीं एकच बदल करावा, आणि शक्य तों नवें विकत न घेतां अदलाबदल करून पाहावी. तिसऱ्याचा प्लग चौथ्यास व चौथ्याचा तिसऱ्यास लावावा. दोष प्लगबरोबर चौथ्याकडे गेला तर प्लग दोषी. तिसऱ्याकडेच राहिला तर प्लग निर्दोष. मग तारेची तीच परीक्षा करावी. पद्धत साधी आहे आणि तिला खर्च नाहीं. चार वस्तू एकदम बदलल्यानें दोष गेला तरी त्याचें कारण कळत नाहीं. न गेल्यास पैसे मात्र जातात.

पांचवी गोष्ट, काढलेला प्लग फेकण्यापूर्वीं वाचावा. टोंक फिकट तपकिरी असेल तर जळण उत्तम. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल प्रमाणाबाहेर येत आहे. काळा व तेलकट असेल तर इंजिनांतलें तेल वर चढतें आहे. पेट्रोलनें ओलाचिंब असेल तर तेथें ठिणगीच पडत नाहीं. पांढरा, फोड आल्यासारखा असेल तर इंजिन फार तापतें आहे किंवा हवा अधिक आणि पेट्रोल कमी जात आहे. वैद्य जीभ पाहून जेवढें सांगतो तेवढें प्लगचें टोंक सांगतें. प्लगची व पॉइंटची फट मात्र डोळ्यांच्या अदमासानें ठेवूं नये; गाडीच्या पुस्तकांत दिलेल्या मापानें, फिलर गेजच्या पातीनें मोजून ठेवावी.

ठिणगी आणि मिश्रण दोन्ही ठीक ठरलीं तरच दाबाकडे वळावें. दाब मोजण्याचा कांटा प्लगच्या जागीं लावून चारी सिलिंडर पाहतात. शेजारशेजारच्या दोघांचा दाब उतरला असेल तर त्यांच्यामधलें हेड गॅस्केट जळलें असण्याचा संभव फार. एकाचाच उतरला असेल तर त्यांत चमचाभर इंजिन तेल घालून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर दट्ट्याच्या रिंगा झिजल्या; न वाढला तर झडपेंत दोष. झडपांच्या टॅपेटची फट फार कमी झाली असली तरी झडप पुरती मिटत नाहीं. तेव्हां मोठें काम काढण्यापूर्वीं ती अवश्य पाहावी.

मिश्रणाविषयीं आजच्या काळांत एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. हल्लींच्या पेट्रोलमध्यें वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें, आणि इथेनॉल हवेंतला ओलावा ओढून घेतें. पावसाळ्यांत गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली तर पाणी वेगळें होऊन टांकीच्या तळाशीं बसूं शकतें. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांनाही तें मानवत नाहीं. अशा वेळीं दोष एका सिलिंडरापुरता न राहतां चारींत सारखा जाणवतो. या खुणेवरून तो तारेच्या दोषापासून वेगळा काढतां येतो. गाडी कमी वापरली जात असेल तर पेट्रोल थोडें थोडें भरावें आणि पंधरवड्यांतून एकदां तरी तिला मोठी फेरी घडवावी.

ज्यांच्या घरीं नवी मोटार आहे त्यांनीं हें सारें जुन्या काळचें म्हणून सोडून देऊं नये. नव्या गाडींत डिस्ट्रिब्युटर नाहीं. बहुधा प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल असते आणि संगणक प्रत्येक सिलिंडरच्या पाळीवर लक्ष ठेवतो. पाळी चुकली कीं समोरच्या फळीवर इंजिनाचें चित्र असलेला दिवा लागतो, आणि यंत्र जोडून पाहिल्यास दोषाचा क्रमांक मिळतो. 'पी ०३०३' म्हणजे तिसरा सिलिंडर, 'पी ०३००' म्हणजे नेमका एक नव्हे. परंतु हा क्रमांक फक्त जागा सांगतो, कारण सांगत नाहीं. तेथेंही इंजिन बंद करून तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यास लावून पाहणें हाच मार्ग; क्रमांक बदलून '०३०२' झाला तर कॉइल दोषी. नव्या गाडींत चालूं इंजिनावर तारा ओढण्याचा जुना प्रयोग मुळींच करूं नये. तसेंच हा दिवा लुकलुकूं लागला तर गाडी सावकाश कडेला घेऊन थांबवावी. कारण न जळलेलें पेट्रोल धुराच्या नळीतील शुद्धीकरण-यंत्रांत जाऊन जळतें आणि तें महागडें यंत्र तापून निकामी होतें.

शेवटीं एक गोष्ट, जी कोणत्याहि मोटारीच्या पुस्तकांत नाहीं. आमच्या घरांत निदान पहिल्याच दिवशीं झालें होतें. "सकाळीं, चढणीवर, पाऊस होता". तीन शब्दांत तें सांगूनही झालें होतें. तें ऐकण्यास आम्हांस तीन आठवडे, सात हजार रुपये आणि हिंदमाताची ती संध्याकाळ लागली. तेव्हां, गिरगांवकर भगिनी, गाडी आपणच चालवीत असाल तर उद्यांपासून वहीचा समास मोकळा ठेवा. आणि दुसरें कोणी चालवीत असेल तर घरच्या मंडळींनीं पान्हा शोधण्यापूर्वीं त्यांच्यापाशीं घटकाभर बसून तेवढें ऐकून घ्यावें.